मॉबला मराठीत काय म्हणायचं?

वर्तमानपत्राच्या कचेरीत बातम्या रद्दीत जातात, किस्से मात्र मागे साचत राहतात. जळगावच्या आमच्या दैनिकात माझ्याकडे इंग्रजी बातम्यांचं भाषांतर होतं, आणि त्यात एक शब्द हमखास यायचा: मॉब. माझा धाकटा भाऊ प्रकाश तिथलाच फोटोग्राफर. तो अशाच एका मॉबच्या हातून गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसलात तर फसवल्यासारखं वाटायला नको.

मॉबला मराठीत काय म्हणायचं हे ठरवायचे आमचे मुख्य उपसंपादक, धुळ्याचे आबा. बातमीदाराचा फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न, "गर्दीत वळखीचं कोणी होतं का रे?" होतं म्हटलं की 'नागरिक'. नाही म्हटलं की 'जमाव'!

जामनेरच्या बातमीदारानं एकदा सभेत खुर्च्या मोडणाऱ्यांना 'जमाव' केलं. दुपारी त्याचा परत फोन. "आबा, तेवढं 'नागरिक' करा. आमचे सासरे होते त्यात!"

धुळ्याकडच्या मिशनमध्ये एक स्पॅनिश फादर होते. दवाखान्याची बातमी द्यायला यायचे, मराठी छान बोलायचे. प्रकाशनं त्यांना विचारलं, "फादर, तुमच्याकडे मॉबला काय म्हणतात?"

"शब्द पुष्कळ आहेत. नुसती खूप माणसं असली तर मुचेदुम्ब्रे. ती खवळली की तुर्बा. आणि आपल्यापेक्षा हलकी वाटली की चुस्मा."

"चुस्मा म्हणजे?"

"मूळ अर्थ, जहाजाची वल्ही मारणारे कैदी."

आबांनी चष्मा काढला. "म्हंजे जहाज त्यांनीच हाकायचं आणि शिवीबी त्यांनाच! फादर, बठ्ठं जग सारखंच शे!" मनातलं बोलताना आबा अहिराणीत शिरायचे; बठ्ठं म्हणजे सगळं.

मग काय, चहाला उशीर झाला की प्रकाश ओरडायचा, "आबा, आता तुर्बा होणार हां आमची!"

प्रकाश लग्नांचे फोटोही काढायचा. असोद्यापासून एरंडोलपर्यंत त्याला सगळे ओळखत. एकदा लोक एसटीच्या काचा फोडत होते. हा समोर उभा राहिला आणि सवयीनं म्हणाला, "इकडे बघा! जरा हसा!" सगळे थांबले! एकानं तर दगड खाली ठेवून भांग सारखा केला. आधी फोटो निघाला, मग काचा फुटल्या.

मी म्हटलं, "एखाद्या दिवशी तुलाच लागेल."

"छे रे दादा. वळखीचा माणूस मारत नाही."

तो गेल्यावर फादर घरी भेटायला आले. आईनं त्यांना विचारलं, "तुमना देशमा अशा लोकेसले काय म्हणतस?"

एवढे शब्द येणारा तो माणूस. चहा गार झाला तरी कप हातात धरून बसला.

पण मनातून जात नाही तो त्याच्या आधीचा, प्रकाश गेला त्या दिवशीचा किस्सा. त्याची बातमी मी दुसऱ्या कोणाला लिहू दिली नव्हती. दगड प्रकाशच्या डोक्याला लागला होता, कॅमेरा शाबूत होता. त्यातला शेवटचा फोटो डार्करूममधून ओला असतानाच आबांच्या टेबलावर आला. त्यांनी भिंग लावून एकेक चेहरा पाहिला. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. सगळ्यांत पुढच्याच्या हातात दगड होता, आणि तो हसत होता. त्याच्या लग्नाचा अल्बम प्रकाशनंच केला होता.

मी पेन उघडून बसलो होतो. "आबा, काय लिहू?"

आबांनी भिंग खाली ठेवलं.

"बठ्ठा वळखीना शेतस," ते म्हणाले. "'नागरिक' लिही."