गजूच्या कोपऱ्यातला माणूस

गजूचे किस्से मी काही जमवले नाहीत, ते आपोआप साचत गेले. कुरुंद्याच्या हॉटेलात चहा पुढ्यात आला की कोणी तरी म्हणतंच, "दादा, ते वजनाचं सांगा न." मी सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. सांगताना हसायला येतं, पण ते घडत होतं तेव्हा मला एकदाही हसू आलेलं नव्हतं. हे एकदाच सांगून ठेवतो, म्हणजे दरवेळी सांगायला नको.

गजू म्हणजे गजानन, आमच्याच गल्लीतला, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. प्रोफेशनल बॉक्सर. पोस्टर लागतात, लोक तिकीट काढून बघायला येतात, त्यातला. वजनगट मिडलवेट, म्हणजे साडेबहात्तर किलोच्या आसपास काटा थांबला पाहिजे. त्याचे कोच हट्टा गावचे हवालदार, फौजेतून रिटायर झालेले. सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसकट, पोत्यात भरून त्यांनी लिंबाला टांगलं, आणि त्यावर गजूला तयार केलं. आणि मी गुरांच्या दवाखान्यातला ड्रेसर. बैलाचं शिंग मोडलं, म्हशीला तार लागली, की रक्त थांबवायचं, पट्टी बांधायची. मुळात मी भित्रा माणूस आहे. तरी बॉक्सिंगमध्ये कसा आलो, तिथूनच सुरू करतो.

*

पहिल्या फाईटच्या आधी हवालदार दवाखान्यात आले. दोन राउंडच्या मधे एक मिनिट मिळतं. त्या मिनिटात फुटलेल्या भुवईचं रक्त थांबवणारा माणूस रिंगच्या कोपऱ्यात लागतो. तो माणूस मी व्हावं, असं त्यांचं म्हणणं.

"हवालदार, मी जनावराचा माणूस हाय," मी म्हटलं.

"मंग? बैल हालते तेवढा तर गजू हालत न्हाई."

फाईट हैदराबादला होती. दुसऱ्या राउंडला गजूची डावी भुवई फुटली. रक्त डोळ्यात जायला लागलं की पुढचा ठोसा दिसत नाही, एवढं मला सांगून ठेवलेलं. घंटा वाजली, गजू येऊन स्टुलावर टेकला. मी औषधाचा कापूस जखमेवर दाबला आणि दुसऱ्या हातानं त्याची मान धरली. तोंडातून पंधरा वर्षांची सवय आपोआप बाहेर पडली. "हो, हो, हो. उभा राह्य, राजा. उभा राह्य."

गजू खालून म्हणाला, "दादा, मी बसेल हाय."

रक्त थांबलं. फाईट जिंकली. वसमतला उतरेपर्यंत मी गजूची पट्टी तीनदा सोडून पुन्हा बांधली.

*

आता वजनाचं.

पुण्याच्या फाईटच्या दोन दिवस आधी हवालदारांनी गजूला वसमतच्या मोंढ्यात नेलं. एका आडतीवर हळद मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. घरच्या काट्यावर त्यांचा भरवसा नव्हता. गजू चड्डीवर काट्यावर चढला. हमालानं आकडा वाचला, "बहात्तर दोनशे." हवालदार खूष झाले. गजूला त्यांनी त्या दिवशी एक भाकर जास्त दिली.

पुण्यात अधिकृत वजन झालं. काटा त्र्याहत्तरच्या वर गेला. हवालदारांचा चेहरा उतरला. दोन तासांची मुदत मिळाली. वजन उतरलं नाही तर फाईट रद्द, आणि पुढं कोणी बोलावत नाही. गजूच्या अंगावर दोन स्वेटर, त्यावर माझा रेनकोट, आणि तो हॉटेलच्या जिन्यावर खालीवर पळतोय. मी प्रत्येक फेरीला त्याची नाडी बघतोय. ती इतकी पळत होती की माझीच थांबायची वेळ आली.

हवालदारांनी तिथूनच हमालाला फोन लावला. "तुमचा काटा बिघडेल हाय काय?"

हमालाला राग आला. "काटा बराबर हाय. बारदान वजा करूनच सांगतलं मी."

बारदान म्हणजे पोत्याचं वजन. हळदीचं पोतं काट्यावर ठेवलं की त्यातून किलोभर वजा करून आकडा पुकारायचा, ही त्याची जन्माची सवय.

"अरे, कशाचं बारदान? पोरगं चड्डीवर उभं होतं!"

मग हमाल म्हणाला, "मंग चड्डीचं."

मुदतीला दहा मिनिटं असताना गजू वजनात बसला. शेवटचे शंभर ग्रॅम केस कापल्यामुळे उतरले असं हवालदार सांगतात. माझ्या मते ते भीतीनं उतरले.

*

एकदा हळदीच्या हंगामात मुंबईची फाईट आली. त्या आठवड्यात गजूच्या घरची हळद शिजवून, वाळवून पॉलिशला काढलेली. आम्ही तिघंही मदतीला होतो, आणि तिथूनच अंघोळ करून गाडीत बसलो. हळदीचं काम केलेले हात अंघोळीनं निघत नाहीत, हे आमच्याकडे लहान लेकराला माहीत आहे. मुंबईच्या डॉक्टरला माहीत असायचं कारण नाही.

फाईटआधीच्या तपासणीत त्यानं गजूची नखं बघितली, तळवे बघितले, पापणी खाली ओढली. मग गंभीर होऊन म्हणाला, "इसको पीलिया है. ये नहीं खेलेगा." पीलिया म्हणजे कावीळ.

हवालदार घाईनं पुढं झाले. समजावण्यासाठी त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे पसरले. ते बघून मीही माझे पसरले.

डॉक्टरनं खुर्ची मागे सरकवली. "तीनों को?"

रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला. तोपर्यंत मी गजूच्या डोळ्यात इतक्या वेळा बघितलं की मलाच ते पिवळे दिसायला लागले होते.

*

गजूचं लग्न जमलं ते हिंगोलीकडच्या गोरेगावच्या सुनीताशी. बघायच्या कार्यक्रमाला गजूची आई आणि आम्ही तिघं गेलो. पोरीच्या वडलांनी विचारलं, "पोरगं काय करते?"

"बॉक्सिंग," हवालदार म्हणाले.

"मंजे मारामारी?"

"व्हय, पण कायदेशीर."

पोहे झाले, चहा झाला. मुलीला काही विचारायचं आहे का, असं कोणी तरी म्हणालं. सुनीतानं गजूकडं बघितलंच नाही. तिनं मला विचारलं, "तुमी कोपऱ्यात काय करता?"

"रक्त थांबवतो."

"आन् मारामारीच थांबवायची झाली तर?"

मी तिला टॉवेलचं सांगितलं. आपल्या माणसाला झेपत नाही असं दिसलं की कोपऱ्यातून रिंगमध्ये टॉवेल टाकायचा. रेफरी फाईट थांबवतो. आपण हरलो, पण माणूस घरी येतो.

"टावेल कोणाकडं असते?"

हवालदारांनी माझ्याकडं बोट दाखवलं. तिनं मला खालीवर नीट बघून घेतलं आणि आईला म्हणाली, "मंग पसंत हाय."

सगळं घर हसलं. गजू तर आजही म्हणतो, बायकोनं पसंत दादाला केलं, हार मला घातला. मला मात्र त्या दिवसापासून तो टॉवेल जड लागायला लागला. तोपर्यंत मी त्यानं फक्त घाम पुसत होतो.

*

डोक्याला मार बसला की माणूस उभा असतो, बोलतो, पण ठिकाणावर नसतो. हे ओळखायला हवालदारांची फौजी पद्धत होती. स्टुलावर बसला की तीन प्रश्न. गाव कोणतं? राउंड कितवा? बैलांची नावं काय? गजू म्हणायचा, कुरुंदा, तिसरा, पाखऱ्या आन् मोती. बरोबर आलं की पाणी, पुढचा राउंड.

नागपूरच्या फाईटला चौथ्या राउंडमध्ये कानामागं एक ठोसा बसला. त्याचा आवाज मला आवडला नाही. स्टुलावर आल्यावर मी विचारलं, "राउंड कितवा?"

"तुमाला म्हाईत न्हाई काय? ती पोरगी राउंडच्या नंबरची पाटी घेऊन फिरून राहिली न."

हवालदार हसले. मीही हसलो. फाईट जिंकली.

येताना अकोल्याला गाडी बदलली. खिडकीशी बसून गजू म्हणाला, "दादा, आपून जिंकलो का?"

मला वाटलं मस्करी करतोय. म्हटलं, "जिंकलो की." तो खूष झाला, मांडीवर थाप मारली.

वाशीम गेलं. "दादा, आपून जिंकलो का?"

"जिंकलो."

पुन्हा मांडीवर थाप, पुन्हा तेच हसू. हिंगोली यायच्या आत त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा हवालदारांनी हातातला पेपर खाली ठेवला. मी तिसऱ्यांदाही त्याच आवाजात सांगितलं. तिन्ही वेळा त्याला तेवढाच आनंद झाला.

हा किस्सा मी हॉटेलात सांगतो तेव्हा लोक सगळ्यात जास्त हसतात. मला ते हसणं सोसत नाही, तरी सांगतो. का सांगतो, कोण जाणे.

*

नांदेडच्या डॉक्टरांनी स्कॅन काढला. त्यात काही दिसलं नाही, पण डोक्याला मार आता बस करा, असं ते म्हणाले. गजूनं त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं.

सुनीतानं स्वतःची परीक्षा चालू केली. रोज सकाळी सराव संपवून येताना दुकानातून पाच जिनसा आणायच्या. चिठ्ठी नाही, तोंडी. पहिल्या आठवड्यात कधी साबण राहिला, कधी जिरं राहिलं. मग एकदम सुधारणा! रोज पाचच्या पाच. सुनीतानं आनंदानं मला फोन केला. "भाऊजी, बराबर आणून राहिले."

चार दिवसांनी ती दवाखान्यात आली. सरावाला हाताला गुंडाळतात ती कापडी पट्टी तिच्या हातात होती. धुवायला उलगडली तर आतल्या बाजूला बॉलपेननं लिहिलेलं. तूर डाळ, साबण, जिरं, माचिस, चहापत्ती.

"हुशार हाय," मी म्हटलं.

"हुशार हाय," ती म्हणाली. आम्ही दोघंही हसलो. मग ती म्हणाली, "भाऊजी, फाईटमंदी ते कुठं लिहितील?"

*

आणि मग बेल्टची, म्हणजे किताबाची, फाईट आली. दहा राउंड. सगळी कारकीर्द ज्यासाठी घासली, ती. गजू म्हणाला ही शेवटची. दोन दिवस विचार करून हवालदार हो म्हणाले. मी नाही म्हणालो, पण माझं नाही कोणी मोजलं नाही. दुसरा माणूस कोपऱ्यात येण्यापेक्षा आपण असलेलं बरं, म्हणून मीही गेलो. निघताना सुनीता एवढंच म्हणाली, "टावेल ध्यानात ठेवा."

सहा राउंडपर्यंत गजू पुढं होता. इतका सुंदर मी त्याला कधी पाहिला नव्हता. सातव्यात एक उजवा ठोसा कानशिलावर बसला. पडला नाही. घंटा वाजली, आणि तो शांतपणे चालत समोरच्याच्या कोपऱ्यात गेला. त्यांच्या स्टुलावर बसला. पाणी मागितलं. पब्लिक हसलं. त्यांच्याच माणसानं त्याला दंडाला धरून आमच्याकडं आणून सोडलं.

"गाव?" हवालदारांनी विचारलं.

"कुरुंदा."

"राउंड?"

"सातवा झाला."

"बैल?"

"पाखऱ्या आन् मोती."

"बराबर," हवालदार म्हणाले. "तीन राउंड राहिले. जिंकतो आपून."

मोती दिवाळीतच गेला होता. पोट फुगून, आमच्या दवाखान्याच्या आवारात. दोर धरून गजू माझ्यासमोर रडला होता, हवालदार तेव्हा गावी नव्हते.

आठव्याची घंटा झाली. गजूनं दोन चांगले ठोसे मारले. मी टॉवेल टाकला.

*

गावानं मला धारेवर धरलं. जिंकलेली फाईट घालवली म्हणाले. हवालदार महिन्याभरानं बोलायला लागले. मोतीचं मी फक्त सुनीताला सांगितलं. गजूनं मात्र अबोला धरला. रस्त्यात दिसला की पलीकडनं जायचा. फाईट त्याच्या बंद झाल्या, शेती बघायला लागला. आठ महिने मी गल्लीत खाली मान घालून चाललो. तो बोलत नाही याचं वाईट वाटायचं, आणि सरळ चालताना दिसला की बरंही वाटायचं.

गेल्या महिन्यात तो दवाखान्यात आला. वासराच्या खांद्याला काटेरी तार लागली होती. दुसरं कोणी नव्हतं, मीच पुढं झालो. त्यानं दोर धरला, मी जखम धुतली.

"दादा," तो म्हणाला, "बेल्टच्या फाईटला तुमी काहून आले न्हाईत?"

मी धुतलेली जखम पुन्हा धुवायला घेतली.

"तुमच्या जागी दुसराच कोणी होता कोपऱ्यात. त्यानं टावेल टाकला. मी जिंकून राहिलो होतो." तो वासराच्या मानेवरून हात फिरवत होता, माझ्याकडं बघत नव्हता. "तुमी असते तर टाकला नसता."

मी म्हटलं, "सुट्टी न्हाई भेटली रे."