पुठ्ठ्याच्या वरची ओळ

गडचिरोलीच्या बसस्टँडवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत प्रिंटरची नवी रिबन होती. चंद्रपूरला बहिणीकडे गेले होते आणि निघताना कचेरीतल्या रामटेके भाऊंनी दोन-दोनदा बजावलं होतं, की बाई, बहिणीनं दिलेली साडी विसरली तरी चालेल, रिबन विसरू नका. स्टँडवर आमच्या कचेरीचा ड्रायव्हर शंकर उभा होता. साहेबांना घ्यायला आला असेल असं मला वाटलं. तो जवळ आला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि खाली बघत म्हणाला, "बाई, रामटेके भाऊ खतम झाले." मी त्याच्यावर ओरडलेच. "काऊन असं बोलता? सकाळीच पिऊन आले काय?" मग मी जे बोलले ते आठवलं की अजून लाज वाटत नाही, भीती वाटते. मी म्हटलं, "मंग ही रिबन कोणाले देऊ?"

आदल्या दिवशी त्यांना जीपमध्ये घालून चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेत होते. जीप शंकरच चालवत होता. मूल गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं जंगल, तिथेच सगळं संपलं. मेंदूचा मलेरिया. ज्या गावाला त्यांना पोचवायची धडपड चालली होती त्याच गावात मी बहिणीच्या ओट्यावर बसून चहा पीत होते. मी परत येईपर्यंत अंत्यसंस्कारही उरकले होते. चेहरा पाहायला मिळाला नाही, म्हणूनही असेल, पण आज इतके आठवडे झाले तरी माझ्या डोक्यात एकच प्रश्न घुमतो आहे. कसं काय? चाळिशीही न गाठलेला, सायकलवर शीळ घालत येणारा, खिशात कंगवा ठेवणारा धडधाकट माणूस... इतका बारीक बघणारा माणूस... तापानं कसा काय जाऊ शकतो?

प्रभाकर रामटेके आमच्या कचेरीत संगणक आला तेव्हा त्याच्याबरोबरच आले म्हणायला हरकत नाही. नागपूरला बी.एस्सी. करून त्यांनी वर प्रोग्रामिंगचा कोर्स केला होता आणि ते सांगायची एकही संधी ते सोडत नसत. नम्रपणा त्यांच्या गावाला नव्हता. मी टायपिस्ट. मला त्यांच्या हाताखाली दिलं तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, टाइपरायटर विसरा. त्याले चूक कळत नाई. याले कळते, अन् हा सांगते बी." मशीनसाठी वेगळी खोली होती, तिला पडदे होते, आणि चपला बाहेर काढून आत जायचं. आमच्या शिपायानं पहिल्या दिवशी मशीनला हळदीकुंकू लावायला घेतलं तेव्हा रामटेके भाऊंनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "दादा, माह्या घरी हे चालत नाई, अन् याच्या बी पोटात गेलं तर चालत नाई."

आता वाचकांना थोडं समजावून सांगायला हवं, कारण त्याशिवाय हा माणूस कळणार नाही. संगणकाच्या आत त्याचा एक कारभारी असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आमच्या मशीनचा कारभारी असा विचित्र होता की त्याची भाषा कळणारं माणूस आसपासच्या जिल्ह्यांत दुसरं नव्हतं. सोबत आलेली जाडजूड पुस्तकं भलत्याच मशीनसाठी लिहिलेली. मोठा प्रोग्राम एका तुकड्यात नसतो, त्याचे बरेच तुकडे वेगवेगळे लिहितात आणि मग 'मेक' नावाचा एक प्रोग्राम ते ठरल्या क्रमानं जोडतो. मांडव घालताना आधी खांब, मग आडवे बांबू, मग डहाळ्या, तसंच. एक खांब चुकला की वरचं सगळं कोसळतं, आणि मेक बिचारा कोसळलेल्या प्रत्येक डहाळीची तक्रार छापत बसतो.

एका उन्हाळ्यात हे आमच्या वाट्याला आलं. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की आतली गावं तुटतात, म्हणून त्याआधी कुठल्या गोदामात किती धान्य पोचवायचं याचा हिशेब करणारा प्रोग्राम नागपूरहून फ्लॉपीवर आला. तिथल्या मशीनवर तो सुरळीत चालत होता. आमच्याकडे मेक सुरू केलं आणि प्रिंटर जो किरकिरायला लागला तो थांबेचना. चुकांचा कागद टेबलावरून खाली, खालून दारापर्यंत. रामटेके भाऊंनी काय करावं? कागदाचं हातात आलेलं टोक धरलं, म्हणजे शेवटची चूक, आणि तिथून दुरुस्त करत वर निघाले. एक मिटवली की दुसरीकडे चार नव्या. त्यांनी जेवण सोडलं, दाढी सोडली, शीळसुद्धा बंद झाली. साहेब रोज दारातून विचारायचे, "ट्रक उभे आहेत रामटेके, सिरोंच्याचा आकडा देता की नाही?" एका दुपारी वैतागून त्यांनी मशीनच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, कागद गोळा करून टेबलावर आपटला, त्याचं पहिलं पान वर आलं, आणि पुठ्ठ्यानं सगळ्या चुका झाकून टाकल्या. "मले पाहूच नाई वाटून राह्यलं बाई!" पुठ्ठा थोडा तोकडा पडला होता. वरची एक ओळ उघडी राहिली. ते तिच्याकडे बघत बसले... बघत बसले... आणि एकदम टेबलावर थाप मारून ओरडले, "हेच तं!"

एकच नाव दोनदा आलं आहे, एवढंच त्या ओळीत म्हटलं होतं. आमचा विचित्र कारभारी फाइलचं लांब नाव ऐकून घ्यायचा पण लक्षात ठेवायचा फक्त सुरुवात. सिरोंच्याच्या दोन फाइली, नावांची सुरुवात सारखी, शेपटं वेगळी. त्यानं शेपटं तोडली आणि एकीवर दुसरी लिहून मोकळा झाला. एक फाइल पोटात गडप, आणि तिच्यावर टेकलेलं सगळं कोसळलेलं. भाऊंनी नावं आखूड केली, मेक पुन्हा चालवलं, आणि प्रिंटर गप्प बसला. त्या शांततेत शिपायानं दारातून डोकावून विचारलं, "मेली काय मशीन?" आम्ही हसून हसून बेजार. पाऊस लागायच्या आत ट्रक सिरोंच्याकडे गेले.

त्या दिवसापासून पुठ्ठा हे त्यांचं शस्त्र झालं आणि आम्हाला डोकेदुखी. त्याची एक कड त्यांनी कात्रीनं सरळ कापून घेतली. चुकांचा कागद आला की पुठ्ठा ठेवायचा, वरची एकच ओळ उघडी, आणि मला सांगायचं, "वाचा बाई. एकच. बाकीच्या तिच्या पोरी होत, मायले धरा." इथवर ठीक होतं. पण पुढे ते जगालाच पुठ्ठा लावायला लागले. दोन कारकुनांचं भांडण झालं की हे मध्ये उभे, "कालचं नोका सांगू, पहिली ओळ सांगा." बस उशिरा आली तरी कंडक्टरला तेच. मला कधीकधी असा राग यायचा की तो पुठ्ठा चुलीत घालावा.

पण मी त्यांचं एक देणं लागते. मध्यंतरी माझं टाइपिंग बिघडलं होतं, डोकं ठणकायचं, साहेब बोलायचे, घरी गेलं की रडू यायचं. मी नोकरी सोडायचं ठरवलं. भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी चक्क माझ्यासमोर टेबलावर पुठ्ठा ठेवला. "सांगा. रडणं नाई, डोकं नाई. याच्या अगोदर काय झालं?" मी चिडून आठवत गेले. आठवता आठवता निघालं की त्याच्याही आधीपासून स्टँडवर मला बसच्या पाटीवरचं गाव वाचता येत नव्हतं, कुरखेड्याच्या गाडीत बसून मी एकदा भलतीकडेच निघाले होते. ते खुर्चीत मागे रेलले. "बाई, तुमाले राजीनामा नाई, चश्मा पाह्यजे." हा लेख मी त्याच चष्म्यातून लिहिते आहे.

म्हणून तर विचारते, कसं काय? दुसऱ्याच्या डोळ्यांतली पहिली ओळ वाचणारा माणूस! यंदा पावसाळा संपल्यावर ते गोदामांची माहिती घ्यायला सिरोंच्याला गेले, आठवडाभरानं परत आले, माझ्याशी रिबनचं बोलले, थट्टा केली. मी सुटीवर गेले. पुढचं मला कोणी नीट सांगेना. कोणी म्हणे अहेरीच्या हॉटेलातली मच्छी बाधली. कोणी म्हणे उन्हानं पित्त झालं. जो तो शेवटचं तेवढं सांगत होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काही दिवसांनी मी भाऊंच्या टेबलावरच्या वस्तू घेऊन त्यांच्या घरी गेले. कंगवा, कप, आणि तो पुठ्ठा. त्याच्यावर चहाच्या कपाचं गोल वळं होतं. त्यांच्या पत्नी, शीलावहिनी, पांढऱ्या साडीत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. कंगवा त्यांनी ओळखला, कप ओळखला. पुठ्ठा उलटसुलट करून म्हणाल्या, "हे काय होय बाई? घरी बी पुठ्ठा पुठ्ठा करत. मी कधी विचारलंच नाई, मले वाटे मशीनचं काही असन." त्यांना जरा बरं वाटेल म्हणून मी सगळं रंगवून सांगितलं. दारापर्यंत गेलेला कागद, दोन फाइली, माझा चष्मा. एक जुना कागद होता, त्याच्यावर ठेवूनही दाखवला. वर एक ओळ उघडी. "बस, एवढीच वाचायची. बाकीचं सगळं तिच्यामुळं." वहिनी हसतील असं मला वाटलं होतं. त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिल्या. मग मांडीवर घेऊन त्याच्या कडेवरून बोट फिरवत हळूहळू बोलायला लागल्या.

"डाक्टरनं विचारलं काय होते, तं हे सोताच बोलले, उलटी होते, डोकं दुखते, बाहेरचं खाल्लं. त्याची दवा देल्ली. मंग बरळाले लागले, तं लोक म्हणत ताप डोक्यात चढला, बरफ ठेवा. पण बाई... पहिले तं ते नव्हतं. सिरोंच्याहून आले त्या दिवशी भर दुपारी मले गोधडी मागतली. इतकी गरमी, अन् दात वाजून राह्यले. मी हासली. म्हटलं, काऊन, सायबाले हिवाळा लागला काय? तेही हासले. घडीभरानं घाम आला अन् उठून बसले. दुसऱ्या दिवशी टाकोटाक कामावर गेले. मंग कोणालेच याद नाई राह्यली." त्या थांबल्या. "मले याद होती बाई. मले कोणी विचारलंच नाई. त्यायनं बी नाई सांगतलं."

थंडी वाजून ताप, घाम, मध्ये एक बरा दिवस... आमच्या जिल्ह्यात हे शेंबडं पोरही ओळखतं. रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन कोणी बघितला असता तर... मला त्यांचा राग आला, मेलेल्या माणसाचा. शेवटचं टोक हातात धरून बसलात ना भाऊ? आणि त्या बाईंना हे मी, माझ्या तोंडानं, कौतुकानं समजावून सांगितलं होतं. मी त्यांचा हात धरला. त्या रडल्या नाहीत. मी निघताना त्यांनी कंगवा आणि कप ठेवून घेतला, पुठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हे घेऊन जा. घरी नोका ठेवू. तिथं हापिसात कामाचं हाय."

कामाचा आहेच. रिबन मीच बसवली. नवीन माणूस अजून आलेला नाही, तोवर मशीन माझ्याकडे आहे. मेक अधूनमधून रुसतं, प्रिंटर किरकिरतो, कागद टेबलावरून खाली उतरतो. मी पुठ्ठा ठेवते, चष्मा सारखा करते आणि वरची ओळ वाचायला वाकते. तिथे काय छापलंय ते मला लगेच दिसत नाही. आधी दिसते ती टळटळीत दुपार, दात वाजत असताना गोधडी मागणारा एक माणूस, आणि हसणारी त्याची बायको.