सात नंबरची जर्सी

मंडळी, दुपारपासून डोळ्यांपुढे एक पिवळी जर्सी तरंगतेय.

उल्हासनगरात माझं जर्सी छपाईचं दुकान आहे. बदलापूरजवळच्या गावातला रोहन यंदा पहिल्यांदाच मोठ्या कबड्डी लीगमध्ये रेडर म्हणून उतरणार आहे. त्याच्या गावच्या मंडळाने हौसेने चाळीस जर्सी छापून घेतल्या. पाठीवर त्याचं नाव आणि सात नंबर, कारण मंडळाकडून खेळताना तो कायम सातच घालायचा. लीगमधल्या टीमने त्याला तेवीस नंबर दिलाय, हे त्यांना आज कळलं!

मग काय, सगळे जर्सी घेऊन दुकानात हजर.

"ताई, नंबर बदला ना! पहिल्याच मॅचला दहा पॉइंट फिक्स आहेत त्याचे," एक जण म्हणाला. दुसऱ्याने तर त्याला थेट इंडियाच्या टीममध्ये नेऊन बसवलं. सातचे स्टिकर सोलून तेवीसचे चिकटवता चिकटवता मीही त्यांच्या स्वप्नात शिरले. मॅट, लाइट्स, आणि चाळीस पिवळ्या पाठी नाचतायत.

शेवटची जर्सी त्याच्या वडिलांची होती. त्यांनी ती हातातून सोडलीच नाही.

"माझी सातच राहू दे, ताई."

"काका, पण तो आता तेवीस घालणार ना?"

"जिंकला तर नाचायला हे सगळे हायत. हरून आला, तर घरी त्याचा नंबर तसाच ठेवलाय, हे त्याला दिसलं पायजे."

तुमचा सात नंबर कोणी जपून ठेवलाय?