स्लीव्ह ब्लूमच्या उतारावरची रोपं

डब्लिनच्या विमानतळावरून पोर्टलीश गावाकडे निघालो तेव्हा दुपार होती, तरी गाडीचे दिवे लावावे लागले. पाऊस नव्हता; हवाच भिजट, करडी होती. गाडी केतकी चालवत होती. लेकीला तिच्या घटस्फोटानंतर मी पहिल्यांदाच पाहत होते. तिची हनुवटी टोकदार झाली होती. "चंद्रपूरला परत चल," एवढं सांगायला मी इतक्या लांब आले होते, आणि विमानतळावर तेच तोंडातून निघालं नव्हतं.

तिचं भाड्याचं घर गावापासून दूर, स्लीव्ह ब्लूमच्या पायथ्याशी आहे. नावाला डोंगर, आपल्याकडे टेकडीच म्हणतील. घरामागच्या उतारावर उंच झाडं आडवी पडली होती, सगळ्यांचे शेंडे एकाच दिशेला. उपटलेली मुळं मोठ्या ताटांसारखी उभी होती.

"गेल्या हिवाळ्यातलं वादळ," केतकी म्हणाली. "शेजारच्या टॉमचं जंगल आहे. त्यानं आणि त्याच्या बायकोनं लावलेलं. ती आता नाही."

माझं आयुष्य वनखात्याच्या रोपवाटिकेत गेलं. दुसऱ्या दिवशी केतकी कामावर गेल्यावर मी केतकीचे गमबूट चढवून तिकडे गेले. उताराचा एक भाग मोकळा करून तिथे मातीचे उंचवटे केले होते. ऐंशीच्या आसपासचा एक उंच, वाकलेला माणूस त्यांवर रोपं लावत होता.

"कसे आहात?" मी इंग्रजीत विचारलं.

"ग्रँड," टॉम म्हणाले. (इथे सगळे असंच म्हणतात. म्हणजे 'चाललंय'.) चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं.

त्यांनी पिशवीतून रोप काढून दिलं. सिट्का स्प्रूस, पडलेल्या झाडांचीच जात. वीतभराहून थोडं उंच, पानांच्या सुया हाताला टोचणाऱ्या, खालच्या बाजूनं निळसर पांढऱ्या. मुळांना माती नाही, म्हणून पिशवी लगेच बंद करायची. वाऱ्यानं मुळं सुकली की रोप हिरवं दिसतं, पण गेलेलं असतं. सागाच्या जड्यांनी (लावणीसाठी छाटलेल्या खोडमुळांनी) मला हे केव्हाच शिकवलं होतं. इथलं दुखणं मात्र वेगळं. ही बॉगची (काळी, पाणथळ, कुजलेल्या शेवाळाची) जमीन. खाली पाणी, हवा नाही. मुळं खोल जातच नाहीत, चटईसारखी आडवी पसरतात. झाड सरळसोट वाढतं आणि एका वादळात चटईसकट उलटतं.

"मग पुन्हा हेच का लावता?"

"या जमिनीत दुसरं काय येणार?" ते म्हणाले.

त्यानंतर मी रोजच जाऊ लागले. एकदा गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. पाय निघाला, बूट आत राहिला. टॉमनी फावड्यानं तो उकरून काढला. त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात काळा चहा आणि सोडा ब्रेड घेतला. ब्रेड कोरडा होता. दोन खुर्च्यांपैकी एकीवर बायकोचा कोट होता. मी उभ्यानंच चहा प्यायले.

मे महिन्यात रोपांना कोवळे, पोपटी शेंडे फुटले. टॉम पहिल्यांदा हसले. मग एका सकाळी गोठलेल्या दंवानं गवत पांढरं झालं. दुपारपर्यंत सगळे शेंडे माना टाकून लोंबत होते. दोन दिवसांत ते तपकिरी झाले.

मी नखानं एका खोडाची साल खरवडली. "बघा, आत हिरवं आहे. बाजूचे डोळे फुटतील."

"फुटतील, मिसेस. माहीत आहे मला," टॉम म्हणाले. "त्यांना उन्हाळाभर थांबता येईल. मला डॉक्टरांनी तेवढाही वेळ सांगितलेला नाही."

ते फावडं पुसत राहिले.

संध्याकाळी केतकीला हे सांगताना माझं वाक्यही निघून गेलं. "केतू, परत चल ना गं. इथे तुझं कोण आहे?"

तिनं प्रेसमधून (इकडे भांड्यांच्या कपाटाला प्रेस म्हणतात) दोन ताटं काढली. "तिथे तरी कोण आहे, आई? तू आहेस. आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस विचारेल, काय झालं म्हणून. इथे कुणी विचारत नाही."

"म्हणूनच तर..."

"मला तेच हवंय."

आम्ही जेवलो. मी परतले तेव्हा ती विमानतळावर रडली नाही, मीही नाही.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. इकडे चंद्रपुरात पाऊस लागून राहिला होता. टॉमना वृद्धांच्या शुश्रूषागृहात नेलं होतं. ते कुणाला ओळखत होते, कुणाला नाही. ती त्यांच्या उतारावर उभी होती.

"आई, प्रत्येक रोपाला दोन-दोन शेंडे आलेत."

"दंवानं मधला मेला की असंच होतं. एक कापावा लागतो, नाहीतर झाड पुढे फाटतं."

"कुठला कापू?"

"वाकडा असेल तो."

फोनमध्ये तिकडचा वारा ऐकू येत होता. मुळं तीच आडवी पसरणारी, जमीन तीच. ही झाडं मोठी झाली तर तेव्हा तिथे कोण असेल, कुणास ठाऊक.

"दोन्ही सारखेच आहेत गं," ती म्हणाली.

"मग कुठलाही काप, बाळा. पण आजच काप."

कात्रीचा आवाज आला. मग पुढच्या रोपाकडे जाताना चिखलात वाजणारी तिची पावलं.