काटा नसला तरी ॲप उघडलंच पाहिजे

प्रोग्रामिंग शिकायच्या आधी मी पत्रकं लिहायला शिकले. पत्रकात मुख्य मागणी वर आणि ठळक लिहायची असते. "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणायला कुणाला जागा ठेवायची नाही.

मी आणि कॉलेजातला एक मित्र, आम्ही मुर्री गावात माझ्या घरी बसून मासेमारांच्या संस्थांसाठी वजन नोंदवायचं ॲप बनवलं. कोड खुला, कुणीही घ्यावा, बदलावा. पहिल्यांदा ते बोदलकशाच्या तलावावर चाललं. तिथली रीत अशी, की तोलणारी बाई वजन मोठ्याने पुकारते आणि ज्याचे मासे तो "बरोबर" म्हणेपर्यंत टोपली काट्यावरून उतरत नाही. आमच्या ॲपमध्येही तेच. पुकारलेलं वजन टाका, "बरोबर" दाबा, झालं.

मग काटे आणि स्वतःचं ॲप विकणाऱ्या एका कंपनीने आम्हाला आपला इलेक्ट्रॉनिक काटा फुकट पाठवला. सोबत तो जोडायचा कोड, म्हणजे वजन ब्लूटूथने थेट ॲपमध्ये. मी म्हटलं, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव, ज्याला हवं तो चालू करेल.

"अरे यार, फ्री में मिल रहा है, नखरे कायले करून राहिली?" म्हणत मित्राने तो कोड मधोमध जोडला. काटा आमच्या टेबलावर कायम चालूच असायचा. त्यामुळे दर वेळी ॲप झकास उघडायचं.

बोदलकशाकडे तो काटा नव्हता. नवी आवृत्ती टाकली त्या सकाळी मी तिथेच होते. पडद्यावर नुसता गोल फिरत राहिला: "काटा शोधत आहे". टोपल्या रांगेत, ऊन चढतंय, व्यापाऱ्याची गाडी हॉर्न मारून राहिली. तोलणारी बाईच संस्थेची अध्यक्ष. ती म्हणाली, "काऊन वो पोरी, एवढा मोठा काटा टांगला आहे, तुया मोबाईलले दिसून नाही राहिला का?"

सगळे हसले. ती हसली नाही. "पुढचं जाळं टाकू तवा चाललं तं ठीक. नाही तं आमी त्या काटे विकणाऱ्या कंपनीचाच काटा अन् तिचंच ॲप घेऊन टाकतो."

म्हणजे अख्खी संस्था एका कंपनीच्या खुंट्याला बांधली जाणार, आणि दावं आम्ही वळून दिलेलं! डोकं फिरलं माझं.

मित्र म्हणाला, "हा फुकटचा काटा त्यांनाच देऊन टाकू ना."

"आणि उद्या कोहमाऱ्याकडच्या तलावाने ॲप घेतलं तर त्यांना कोण देणार, तुझा बाप?"

त्याने लॅपटॉप उघडला. मग माझ्यासोबत कामाला लागला. कंपनीचा कोड उपसून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला आणि आपण होऊन चालू होणार नाही असा ठेवला. ॲपला फक्त वजन हवं. ते बोटाने आलं की काट्यातून, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कंपनीच्या माणसाचा फोन आला.

"मॅडम, काटा फुकट दिला आणि आमचंच फीचर मागे ढकलता?"

"दार अडवून बसलं होतं, बाजूच्या खोलीत बसवलं. ते तपासायचं आणि चालू ठेवायचं काम यापुढे तुमचं. मोडलं तर ते बंद राहील, आमचं ॲप थांबणार नाही."

"फिर हमारा काटा वापस कीजिए."

"पत्ता पाठवा."

पत्ता अजून आलेला नाही. काटा खोक्यात घालून कपाटावर ठेवलाय. आमच्या सगळ्या चाचण्या आता त्याच्याविना होतात. आणि कोड देणाऱ्यांसाठीच्या सूचनांमध्ये सगळ्यात वर, पत्रकासारखं ठळक, एकच वाक्य: काटा कुणाचाही असो, नसो, ॲप उघडलंच पाहिजे.

पुढच्या जाळ्याला आम्ही दोघेही काठावर हजर. ॲप उघडलं. अध्यक्षबाईने पहिलं वजन पुकारलं, मी टाकलं, ज्याचे मासे तो म्हणाला, "बरोबर." टोपली उतरली. दुसरी चढली. सगळ्या टोपल्या गाडीत गेल्यावर बाई माझ्याकडे वळली.

"राहू दे तुयं ॲप. पण नवीन काही घुसवाचं असलं तं आधी इथं येऊन उघडून दाखवाचं."

तेव्हापासून प्रत्येक नवी आवृत्ती आधी बोदलकशाच्या काठावर, त्या टांगलेल्या काट्यापुढे उघडते. बाई "बरोबर" म्हणेपर्यंत ती कुणालाच मिळत नाही. मोठमोठ्या शहरांतून कोड पाठवणारे विचारतात, इतका उशीर कशाला? मी त्यांना तेच ठळक वाक्य पाठवते.