नसीमबीचे टाके

कळंबजवळच्या वाशीत एसटी स्टँडमागं जैनोद्दीनचाचांचं चपला शिवायचं दुकान आहे. बायको नसीमबी गेल्याला चार वर्षं झाली. लेक मिनाज सोलापूरला दिलेली. ती रोज संध्याकाळी फोन करते, जेवलात का विचारते. चूल पेटलेली असो नसो, चाचा जेवलो म्हणून सांगतात. दिवसभरात दोन-चार गिऱ्हाइकं येतात, चपलेचा अंगठा टाचून घेतात आणि निघून जातात. बोलत कोणी बसत नाही.

निवडणुकीच्या आधी एके दिवशी डोंगराकडचा उत्तरेश्वर आला. त्याच्या वडिलांनी रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक घेतली होती, आणि तिचे छर्रे ठेवायला कमरेला बांधायची चामड्याची पिशवी. निवडणूक होईतो बंदूक ठाण्यात जमा करायची असते, ती करून तो आला होता. पिशवीची एक बाजू उसवली होती.

"चाचा, सगळी उसवा अन् नव्यानं शिवा," तो म्हणाला. "आबा म्हणायचे, तुमच्याच हातची हाय."

चाचांनी पिशवी उजेडाला धरली. टाके उलट्या अंगाला कललेले होते. डावखुऱ्या हाताचे, नसीमबीचे.

चाळीस वर्षांपूर्वी चाचा टायफॉइडनं दीड महिना अंथरुणाला खिळले होते. हाती घेतलेलं काम नसीमबीनं आतल्या खोलीत बसून पुरं केलं. लोकांनी चाचांच्या हाताची तारीफ केली, चाचांनी ती घेतली, आणि पडद्याआड नसीमबी हसली. पुढंही नाजूक काम तीच करायची. दोघांनीही कधी कुणाला सांगितलं नाही.

ते टाके उसवायला चाचांचा हात धजेना. जुनं चामडं आता दोरा धरायचं नाही, नवीच शिवून देतो, नमुन्याला ही राहू दे, असं त्यांनी सांगितलं. उत्तरेश्वर बरं म्हणाला.

चाचांनी बकऱ्याचं चामडं भिजवलं, कापलं, आरीनं भोकं पाडली. दोऱ्याला मेण लावून दोन्ही टोकांना सुया ओवल्या आणि एकाच भोकातून दोन्हीकडून टाका ओढत गेले. जुनी पिशवी मांडीवर असायची. दोन दिवसांचं काम त्यांनी तीन आठवडे पुरवलं. एकदा फोनवर मिनाजला सांगितलं, तुझी अम्मी असल्या पिशव्या शिवायची.

"अम्मी? मला कधी बोलली न्हाय," मिनाज म्हणाली. तिकडं कुकरची शिट्टी झाली, आणि नंतर बोलते म्हणून तिनं फोन ठेवला.

निकाल लागल्यावर उत्तरेश्वर आला. त्यानं परवानाच परत केला होता. पोरं पुण्याला, रानातल्या माळ्यावर राखणीला बसणार कोण? नवी पिशवी आता कशाला, पण जुनी तेवढी द्या, आबांच्या फोटोखाली लावतो, असं तो म्हणाला.

चाचांनी पिशवी काढली, पण लगेच पुढं केली नाही.

"उत्तरेश्वर, ही माझ्या हातची न्हाय. नसीमबीनं शिवलीय."

उत्तरेश्वर खाली बसला. बराच वेळ टाक्यांवरून बोट फिरवत राहिला.

"आबांना ठाऊक होतं?"

"कुणालाच न्हाय. ती असताना म्या सांगाया पायजे होतं."

घरी सगळ्यांना सांगीन, असं म्हणून त्यानं पिशवी रुमालात बांधून घेतली. चाचांच्या ओठांवर आलं होतं, इथंच ठेव म्हणून. पण ती त्याच्या बापाची होती. त्याची गाडी वळेपर्यंत चाचा उंबऱ्यात उभे राहिले.

नवी पिशवी त्यांनी दुकानात खिळ्याला लावली. कुणीतरी विचारतं, हे काय हो चाचा? चाचा आरी खाली ठेवतात आणि नसीमबीपासून सांगायला सुरुवात करतात. तेवढ्यात स्टँडावर कळंबची गाडी लागते, आणि माणूस चप्पल पायात सरकवत धावतो.