सूर्य बुडाला, विशेषण उतरवा

बोलीकाकांना कुणी "कसे आहात?" विचारलं की ते आधी आकाशाकडे बघायचे. ऊन असलं तर उत्तर यायचं, "कांदुळा!" म्हणजे जेवण झालेला आणि आता भांडायला मोकळा. ऊन गेलेलं असलं तर म्हणायचे, "आता काही नाही. उद्या विचारा."

ऐंशीच्या दशकात बाबांची बदली जयपूरला झाली. खातीपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर हे नागपूरचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक राहायचे. आम्हा फौजी पोरांचं मराठी म्हणजे दिव्यच होतं, दर वाक्यात 'मतलब' आणि 'भैया'! घरी त्यावरून रोज बोलणी. काका म्हणाले, "जाऊ द्या रे पोट्टेहो, आपण तिसरीच भाषा काढू. तिथं कोणी चुकतच नाही." आणि खरंच काढली की! रोज संध्याकाळी गच्चीवर तिचा वर्ग भरायचा.

त्या भाषेत चांगला, वाईट असले शब्दच नव्हते. विशेषण खऱ्याखुऱ्या गोष्टीतून काढायचं. मे महिन्यात कूलरच्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं की घरभर जो वास सुटतो, त्यातून निघालं 'सुळवा'. जिच्या नुसत्या येण्यानं जिवाला बरं वाटतं, ती सुळवा. माणसांना दिलेलं विशेषण मात्र सूर्य बुडेपर्यंतच चालायचं. सूर्य गेला की काका टाळी वाजवायचे, आणि आम्ही अंग झटकून दिवसभराची विशेषणं कपड्यांच्या दोरीवर टाकल्याचं नाटक करायचो. काकूंना ही सोय अजिबात पसंत नव्हती. "सकाळी यांना आळशी म्हणावं, तर संध्याकाळी हे सुटले!"

"उद्या पुन्हा द्या ना," काका खुशीत म्हणायचे.

सहावीत मी गणितात नापास झाले. बाईंनी प्रगतिपुस्तकात 'मंद' असं लिहिलं. फेरपरीक्षेला जायचंच नाही, असं ठरवून मी जिन्यात रडत बसले होते. काका शेजारी येऊन बसले.

"काहून रडून राहिली वं? कधी लिहिलं बाईंनी?"

"शुक्रवारी."

"आज सोमवार. तीनदा सूर्य बुडाला की! शिळं विशेषण कशाले घालून फिरतेस?"

मला रडता रडता हसू फुटलं. परीक्षेला गेले. पास झाले, अगदी काठावर, पण झाले! काकांनी गल्लीभर घेवर वाटला.

पुढच्या वर्षी बाबांची पुन्हा बदली झाली. काका स्टेशनवर आले होते. गाडी हलायच्या बेतात होती, तेव्हा त्यांनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुळवा." हा शब्द त्यांनी तोवर कूलर सोडून कुणालाही दिला नव्हता. मला हुंदकाच आला. "पण काका, सूर्य बुडतोय!"

"बुडू दे," काका म्हणाले. "हे नाही उतरवायचं."

आता माझी पन्नाशी उलटली. नवऱ्याकडून, मुलांकडून दिवसाला चार-दोन विशेषणं सहज मिळतात. संध्याकाळी बाल्कनीत उभी राहून मी ती झटकून टाकते. ते एक मात्र अंगावरच आहे, आणि अजून विटलेलं नाही.